हिमस्तराखाली आणि काळ्या पाषाणाखाली : भूकंपलहरींच्या साह्याने भूगर्भाचा शोध

पृथ्वीच्या पाठीवर काही प्रदेश असे आहेत की, तेथील मूळ जमीन माणसाच्या दृष्टीस पडतच नाही. दक्षिण ध्रुवाभोवतालचे अंटार्क्टिका खंड हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. सुमारे एक कोटी चाळीस लाख चौरस किलोमीटर विस्ताराचे हे खंड जवळजवळ संपूर्णपणे बर्फाखाली दडलेले आहे. या बर्फाची जाडी सरासरी दोन किलोमीटरच्या घरात असून काही ठिकाणी ती साडेचार किलोमीटरहूनही अधिक भरते. उघडा खडक तेथे शंभरातील एक भागही नाही. त्या बर्फाखाली डोंगर आहेत की मैदाने, ग्रॅनाइट आहे की गाळ, कोरडी जमीन आहे की पाणी, हे प्रत्यक्ष पाहून सांगण्याची सोय नाही.

आपला महाराष्ट्रही, निराळ्या अर्थाने, असाच झाकलेला प्रदेश आहे. सह्याद्रीच्या कड्यांत, अजिंठा-वेरुळच्या लेण्यांत आणि मराठवाड्याच्या विहिरींत दिसणारा काळा पाषाण ही या भूमीची मूळ जमीन नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि थिजले. तेच आजचे दख्खनचे पठार. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या बेसाल्ट खडकाखाली त्याहून कितीतरी जुनी जमीन गाडली गेली आहे. तिच्यात कोठे भेगा आहेत, कोठे जुनी खोरी आहेत, हे वरून कळत नाही. आणि ते न कळल्याची किंमत काय असते, हे कोयनेने १९६७ साली व किल्लारीने १९९३ साली महाराष्ट्राला दाखवून दिले.

एकीकडे बर्फ, दुसरीकडे पाषाण. आवरणे निराळी, परंतु शास्त्रज्ञांपुढील प्रश्न एकच. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे प्रमुख साधनही एकच आहे. कृत्रिम भूकंपलहरींच्या साह्याने केले जाणारे सर्वेक्षण, हे ते साधन होय. त्याचा परिचय प्रस्तुत लेखात करून द्यावयाचा आहे.

मडके वाजवून पाहावे, त्याप्रमाणे

बाजारात मडके घेताना गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर मडके पक्के, बद्द आला तर त्यात तडा. गवंडीही भिंतीचा गिलावा थापीने ठोकून आत पोकळी आहे की नाही हे ओळखतो. न फोडता, न उकरता आतील स्थिती जाणण्याची ही रीत माणसाला फार जुन्या काळापासून अवगत आहे. भूकंपलहरींचे सर्वेक्षण ही त्याच रीतीची शास्त्रशुद्ध व सुधारलेली आवृत्ती आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या पद्धतीत जमिनीत किंवा बर्फात भोक पाडून त्यात सुरुंगाची दारू ठासतात व ठरलेल्या क्षणी तिचा स्फोट घडवून आणतात. स्फोटाने उत्पन्न झालेली कंपने सर्व दिशांना पसरतात. खाली जाणारी लहर एका प्रकारच्या थरातून दुसऱ्या प्रकारच्या थरात शिरू लागली की, तिचा काही भाग परत फिरतो. यास परावर्तन म्हणतात. परतणारी ही कंपने टिपण्यासाठी जिओफोन नावाची लहान उपकरणे जमिनीवर ओळीने रोवलेली असतात. स्फोट केव्हा झाला आणि प्रत्येक जिओफोनपाशी कंपन केव्हा पोहोचले, यांतील अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजले जाते.

निरनिराळ्या पदार्थांतून या लहरींचा वेग निरनिराळा असतो. पाण्यातून तो सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. घट्ट बर्फातून सुमारे ३,८००. दख्खनच्या बेसाल्टमधून ४,८०० च्या आसपास. आणि ग्रॅनाइटसारख्या प्राचीन खडकातून सुमारे ६,००० मीटर. ओल्या, मऊ गाळातून मात्र तो २,००० मीटरच्या आत-बाहेर राहतो. वेग कळला की पदार्थाचा अंदाज येतो आणि वेळ कळली की खोली काढता येते.

उदाहरणादाखल एक सोपे गणित पाहू. हिमस्तरावर केलेल्या स्फोटाचा प्रतिध्वनी बरोबर एका सेकंदाने परत आला. बर्फातील वेग सेकंदास ३,८०० मीटर धरला, तर लहरीने जाऊन-येऊन ३,८०० मीटर अंतर तोडले. म्हणजे बर्फाची जाडी त्याच्या निम्मी, अर्थात १,९०० मीटर. शाळेतील सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही हे गणित सोडविता येईल. खरी कसोटी लागते ती त्यापुढे, म्हणजे परत आलेला प्रतिध्वनी नेमका कशावरून आला हे ठरविताना.

बर्फावरील पहिली मोजमापे

खंडे सरकतात हा सिद्धांत मांडणारे जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांच्या १९३०-३१ च्या ग्रीनलंड मोहिमेत स्फोटांच्या साह्याने हिमस्तराची जाडी मोजण्याचे महत्त्वाचे प्रयत्न झाले. या मोहिमेतच नोव्हेंबर १९३० मध्ये स्वतः वेगेनर यांना प्राणास मुकावे लागले. तथापि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुढे चालविले आणि ग्रीनलंडच्या मध्यभागी बर्फाची जाडी दोन किलोमीटरहून अधिक असल्याचे दिसून आले.

अंटार्क्टिकाच्या बाबतीत अशी पहिली मोठी कामगिरी नॉर्वे, ब्रिटन व स्वीडन या तीन देशांच्या १९४९-५२ च्या संयुक्त मोहिमेने केली. या मोहिमेतील गॉर्डन रॉबिन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने किनाऱ्यापासून आत सुमारे सहाशे किलोमीटरपर्यंत ठिकठिकाणी स्फोट घडवून बर्फाची जाडी मोजली. वरून सपाट, शुभ्र मैदानासारखा दिसणारा तो प्रदेश आतून अतिशय खडबडीत निघाला. बर्फाखाली पर्वतरांगा होत्या, खोल दऱ्या होत्या आणि काही ठिकाणी बर्फ दोन हजार मीटरहून अधिक जाड होता. ही मोहीम ज्या ड्रॉनिंग मॉड लँड नावाच्या विभागात झाली, त्याच विभागात पुढे १९८९ मध्ये भारताचे ‘मैत्री’ हे संशोधन केंद्र उभे राहिले, ही गोष्ट आपल्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात अनेक देशांच्या पथकांनी साखळी-गाड्यांतून शेकडो किलोमीटरचा प्रवास करीत अशी मोजणी केली. पश्चिम अंटार्क्टिकाच्या काही भागांत बर्फाचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली सुमारे अडीच किलोमीटर असल्याचे आढळले. म्हणजे तेथील बर्फ उंच जमिनीवर नव्हे, तर समुद्राच्या पातळीखालील खोलगट भागात ठाण मांडून बसला आहे.

हे काम सोपे नव्हे. हिमस्तराचा वरचा काही दहा मीटरांचा भाग अजून पुरता बर्फ न झालेल्या भुसभुशीत हिमाचा असतो. कापसाच्या गादीवर ठोसा मारावा, तसा स्फोटाचा जोर त्यात जिरून जातो. यास्तव भोक खोलवर पाडावे लागते. वाऱ्याने जिओफोन थरथरतात, म्हणून ते हिमात पुरावे लागतात. पुढे १९६० नंतर विमानातून रेडिओ-लहरी सोडून बर्फाची जाडी मोजण्याची पद्धत आली व हे काम पुष्कळ जलद झाले. परंतु रेडिओ-लहरी बर्फाच्या तळाशी असलेले पाणी किंवा खडक भेदून फारशा पुढे जात नाहीत. बर्फ किती जाड आहे हे त्या सांगतात. त्याखाली काय आहे, हे विचारावयाचे तर आजही भूकंपलहरींनाच शरण जावे लागते.

एक प्रतिध्वनी आणि तीस वर्षे

प्रतिध्वनीचा अर्थ लावणे किती अवघड असते, याचे एक बोधप्रद उदाहरण व्होस्तोक येथील आहे. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातील या सोव्हिएत केंद्रावर आंद्रेई कापित्सा यांनी १९५९ व १९६४ साली स्फोट करून नोंदी घेतल्या. पावणेचार किलोमीटरच्या सुमारास बर्फाच्या तळाचा प्रतिध्वनी आला. त्यानंतर थोड्या वेळाने आणखी एक प्रतिध्वनी आला. त्या काळी त्याचा संबंध बर्फाखालील गाळाच्या थराशी जोडण्यात आला व नोंदी जपून ठेवण्यात आल्या.

१९९० नंतर उपग्रहाने केलेल्या मोजणीत त्या भागातील बर्फाचा पृष्ठभाग आश्चर्यकारक रीतीने सपाट आढळला. एखादा पदार्थ पाण्यावर तरंगत असावा, तसा तो सपाटपणा होता. तेव्हा जुन्या नोंदी पुन्हा बाहेर काढण्यात आल्या. पहिला प्रतिध्वनी बर्फ व पाणी यांच्या सीमेवरून आणि दुसरा पाण्याच्या तळावरून आला होता, असा त्यांचा अर्थ लागला. सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीचे एक प्रचंड सरोवर बर्फाखाली उघडकीस आले. १९९६ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकांत कापित्सा होते आणि वर उल्लेखिलेले रॉबिनही होते.

येथे पुन्हा एक गणित करू. दोन प्रतिध्वनींमध्ये समजा दोन-तृतीयांश सेकंदाचे अंतर आहे. मधला पदार्थ पाणी मानला, तर त्याची खोली सुमारे ५०० मीटर येते. तोच पदार्थ बर्फाइतक्या वेगाचा मानला, तर जाडी पावणेतेराशे मीटरच्या घरात जाते. घड्याळाने दाखविलेली वेळ एकच. उत्तरे मात्र दोन. म्हणून केवळ वेळेवर विसंबून चालत नाही. परतणाऱ्या लहरीचा पहिला हेलकावा वर आहे की खाली, तो किती जोरकस आहे, आडव्या हेलकाव्याच्या लहरी त्या थरातून पार होतात की नाही, हे सर्व पाहावे लागते. आडव्या हेलकाव्याच्या लहरी पाण्यातून जाऊ शकत नाहीत. खालचा थर वरच्यापेक्षा मऊ असेल, तर हेलकावा उलटा येतो. प्रतिध्वनीची भाषा ती हीच.

कठीण थराखालचा मऊ थर

परावर्तनाखेरीज वक्रीभवनाचीही एक पद्धत आहे. आपल्याला दूरच्या गावी जावयाचे असेल, तर आपण गल्लीबोळांतून थेट न जाता थोडे आडवळण घेऊन हमरस्ता गाठतो आणि लांबचा मार्ग असूनही लवकर पोहोचतो. लहरींचेही तसेच आहे. खालचा थर अधिक वेगाचा असेल, तर लहर खाली उतरून त्या थराच्या माथ्यावरून वेगाने धावते आणि पुन्हा वर येऊन दूरच्या जिओफोनपाशी सरळ मार्गाने आलेल्या लहरीच्या आधी पोहोचते. यावरून खालच्या थराचा वेग व खोली ही दोन्ही कळतात.

परंतु या युक्तीला एक मोठी अट आहे. खालचा थर वरच्यापेक्षा अधिक वेगाचाच असला पाहिजे. तो कमी वेगाचा असेल, तर लहर खाली वळते व वर येत नाही. हमरस्ताच खड्ड्यांचा असेल, तर त्या वाटेने कोण जाणार? बर्फाखाली मऊ गाळ असेल, किंवा बेसाल्टखाली वालुकाश्मासारखा गाळाचा खडक असेल, तर नेमकी हीच अडचण उभी राहते. कठीण छपराखालचा मऊ थर या पद्धतीला जणू दिसतच नाही. ध्रुवावरील आणि दख्खनमधील भूभौतिकशास्त्रज्ञांना एकमेकांचे दुखणे चांगले समजते, ते यामुळेच.

असा लपलेला मऊ थर शोधून काढण्यास शास्त्रीय कुतूहलापलीकडचे महत्त्व आहे. पश्चिम अंटार्क्टिकातील एका वेगवान हिमप्रवाहाखाली परावर्तन-पद्धतीने सर्वेक्षण केले असता, बर्फ व खडक यांच्यामध्ये सरासरी सुमारे सहा मीटर जाडीचा, पाण्याने चिंब झालेला गाळाचा थर आढळला. हा निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. किलोमीटरभर जाड बर्फ या ओल्या चिखलावरून घसरत समुद्राकडे जात होता. कठीण खडकावर बसलेला बर्फ सावकाश सरकतो. ओल्या गाळावरचा बर्फ झपाट्याने. अंटार्क्टिकाचा सर्व बर्फ वितळला, तर जगातील समुद्रांची पातळी पन्नास मीटरहून अधिक वाढेल इतके पाणी त्यात साठलेले आहे. तसे लवकर घडण्याचा संभव नाही हे खरे. तथापि त्यातील किती बर्फ किती वेगाने समुद्रात उतरेल हे अजमावावयाचे, तर त्याच्या तळाची माहिती हवीच. कोकणातील खाडीकाठच्या खाजण शेतीचा व मुंबईच्या सखल वस्त्यांचा या दूरच्या चिखलाशी असा संबंध पोहोचतो.

नारायणगुड्याचा दगड

आता ध्रुवावरून आपल्या भूमीकडे वळू. हैदराबाद शहरातील नारायणगुडा ही वस्ती मराठी वाचकांना अपरिचित नाही. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली स्थापन झालेली केशव मेमोरियल शाळा येथलीच. नारायणगुड्यापासून पूर्वेस निघून उस्मानिया विद्यापीठ मागे टाकले व तारनाका ओलांडला की, हब्शीगुड्याच्या बाजूस राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था लागते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या आधिपत्याखाली १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने भारताच्या भूगर्भाचा शोध घेण्याचे फार मोठे कार्य केले आहे. अंटार्क्टिकातील मैत्री केंद्रावरही या संस्थेने १९९७ मध्ये भूकंपमापन केंद्र सुरू केले. तेथे स्फोट करावे लागत नाहीत. जगात इतरत्र होणाऱ्या नैसर्गिक भूकंपांच्या लहरी हिमाखालच्या खडकातून जाताना टिपल्या जातात व त्यांवरून त्या भागातील भूकवचाची कल्पना येते.

संस्थेपर्यंत जाण्याच्या या वाटेवर पायाखाली जो दगड आहे, त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हैदराबादेत घराचा पाया खणताना लागणारा, गोवळकोंड्याच्या टेकडीवर उघडा पडलेला, करड्या-गुलाबी छटेचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. पश्चिमेस विकाराबाद, जहीराबाद, बिदरच्या बाजूला जाऊ लागले की, हा ग्रॅनाइट दिसेनासा होतो व काळ्या पाषाणाचा आणि जांभ्याचा प्रदेश सुरू होतो. ग्रॅनाइट तेथे संपलेला नसतो. तो लाव्हाच्या थरांखाली गेलेला असतो. नारायणगुड्यातील घरांचा पाया ज्या प्राचीन भूमीवर आहे, तीच भूमी पुढे मराठवाड्याच्या शेतांखाली शेकडो मीटर खोल दडलेली आहे.

अंटार्क्टिकातही शास्त्रज्ञ असेच करतात. मैत्री केंद्राच्या परिसरात खडकाचा जो लहानसा भाग उघडा आहे, त्याचा अभ्यास करून मग तो बर्फाखाली कोठवर जातो हे लहरींच्या साह्याने पाहतात. दोन्ही प्रदेशांचे नातेही जुने आहे. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारत व पूर्व अंटार्क्टिका ही गोंडवन नावाच्या एकाच महाखंडात परस्परांना जोडलेली होती. पूर्व घाटातील खडकांचे सगेसोयरे अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आढळतात, ते त्यामुळेच.

कोयना

सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि त्या परिसरात लहान-लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ प्रतीचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, कोयनानगरची घरे कोसळली आणि १०३ मीटर उंचीच्या धरणासही तडे गेले. दख्खनचे पठार हे अचल व सुरक्षित आहे, या समजुतीलाच त्या पहाटे तडा गेला. जलाशयाच्या पाण्याचा या भूकंपांशी संबंध आहे, हे पुढे सर्वमान्य झाले. परंतु पाणी तर इतर अनेक धरणांतही साठते. मग धक्के येथेच का? काळ्या पाषाणाखालील जुन्या खडकात काही दोष आहे काय, हे पाहणे भाग होते.

राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९७२ पासून आंध्रच्या किनाऱ्यावरील कावली ते कर्नाटकातील उडुपी अशी सहाशे किलोमीटरची रेषा आखून देशातील पहिले खोल भूकंपीय सर्वेक्षण केले होते. तोच अनुभव पुढे महाराष्ट्रात उपयोगी पडला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गुहागर ते चोरोची व केळशी ते लोणी अशा दोन रेषा आखण्यात आल्या. कोकणच्या किनाऱ्यापासून सह्याद्री ओलांडून देशावर जाणाऱ्या या रेषा प्रत्येकी सुमारे दोनशे किलोमीटर लांबीच्या होत्या. कैला, रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बेसाल्टची जाडी सुमारे ४०० ते १,५०० मीटर असल्याचे, भूकवचाचा तळ छत्तीस ते चाळीस किलोमीटरच्या सुमारास असल्याचे आणि कोयना परिसराखाली खोलवर गेलेल्या भ्रंशाची चिन्हे असल्याचे त्यांतून दिसून आले.

अनुमान हे अखेर अनुमानच. त्याची परीक्षा प्रत्यक्ष छिद्र पाडूनच होते. ती परीक्षाही कोयनेला झाली. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या प्रकल्पात कोयना परिसरात अनेक वेधनछिद्रे घेण्यात आली. रासाटी येथे सुमारे ९३० मीटरवर बेसाल्ट संपला आणि ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. २०१६-१७ मध्ये गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे छिद्र घेण्यात आले. तेथे बेसाल्टची जाडी सुमारे १,२५० मीटर भरली. दोन्ही आकडे लहरींनी पूर्वीच सांगितलेल्या मर्यादेत बसणारे होते. बेसाल्ट व ग्रॅनाइट यांच्यामध्ये गाळाचा थर मात्र येथे आढळला नाही. या कामासाठी कराड येथे स्वतंत्र प्रयोगशाळाही उभारण्यात आली आहे.

उत्तरेकडे चित्र निराळे निघाले. नर्मदा व तापी यांच्या खोऱ्यांत आखलेल्या रेषांवरून बेसाल्टखाली गाळाच्या खडकांचे एक लपलेले खोरे असल्याचे अनुमान १९८८ मध्ये मांडण्यात आले. कठीण छपराखालचा मऊ थर तो हाच. तेलशोधाच्या दृष्टीने अशा खोऱ्यांना महत्त्व असते.

किल्लारी

किल्लारीची कथा अधिक दुःखद आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळात लातूर जिल्ह्यातील या गावाला लहान धक्के बसले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली असता, ६.२ प्रतीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांतील कित्येक गावे भुईसपाट झाली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे प्राणास मुकली. सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर दूर असलेल्या हैदराबादेतही धक्का जाणवला. मराठवाड्याशी सोयरिकीने जोडलेल्या येथील कितीतरी मराठी घरांत त्या दिवशी आप्तेष्टांची चौकशी चालू होती.

भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या राष्ट्रीय नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात मोडत होता. नकाशावरील या खात्रीमुळे घरांच्या बांधणीत भूकंपाचा विचार कोणी केला नव्हता. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व त्यांवर मातीचे जड धाबे, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्या भिंतीच माणसांच्या अंगावर कोसळल्या. २००२ साली नकाशाची सुधारणा झाली, तेव्हा पहिला विभागच रद्द करण्यात आला.

भूकंपानंतर किल्लारी येथे ६१७ मीटर खोलीचे छिद्र घेण्यात आले. ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट, त्याखाली अवघा आठ मीटरचा गाळाचा थर आणि त्याखाली प्राचीन रूपांतरित खडक, असा क्रम मिळाला. ३३८ मीटर बेसाल्टमधून लहरीला जाऊन-येऊन सेकंदाचा सातवा हिस्साही लागत नाही. मराठवाड्याच्या मूळ भूमीपासून वरची वस्ती इतकी जवळ होती. तिच्याविषयीचे ज्ञान मात्र फार दूर होते.

या साधनाच्या मर्यादा

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. या सर्वेक्षणाने भूकंप केव्हा होईल हे कळत नाही. तसे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. कोठे जुना भ्रंश आहे, आवरण किती जाड आहे, खाली कठीण खडक आहे की मऊ गाळ, एवढेच हे साधन सांगते. परंतु धरणाची जागा निवडणाऱ्या अभियंत्याला व इमारतींचे नियम ठरविणाऱ्या शासनाला तेवढीही माहिती बहुमोल असते.

शिवाय दोनशे किलोमीटरची एक रेषा म्हणजे पाच लाख चौरस किलोमीटरच्या प्रदेशावर ओढलेला एक दोरा. दोन रेषांच्या मधले पुष्कळसे अनुमानावर सोडावे लागते. वजनाच्या सूक्ष्म फरकाचे मापन, चुंबकीय मापन व वेधनछिद्रे यांची जोड दिल्याखेरीज चित्र पुरे होत नाही.

या कार्यात सर्वसामान्य नागरिकाचाही वाटा असू शकतो. सर्वेक्षण पथक गावात येते, तेव्हा त्याच्या सुरुंगांविषयी गैरसमज पसरण्याचा संभव असतो. पथकाने पूर्वसूचना द्यावी, ग्रामपंचायतीने ती दवंडीने लोकांपर्यंत पोहोचवावी व जिओफोनच्या तारांना कोणी हात लावू नये, एवढ्याने काम निर्विघ्न पार पडते. गावात खोल कूपनलिका खोदली, तर कोणत्या खोलीला कोणता दगड लागला, काळा पाषाण कोठे संपला, याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी व भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयास कळवावी. व्होस्तोकच्या जुन्या कागदांतून तीस वर्षांनी एक सरोवर निघाले, हे स्मरले म्हणजे अशा नोंदींचे मोल पटेल.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट घराच्या भिंतीची. भूगर्भाचे सर्वेक्षण शास्त्रज्ञांनी करावयाचे आहे; घर बांधताना भिंतीत आरपार लांब दगड घालणे, चिखलाऐवजी सिमेंटचा वापर करणे, छपराचा भार हलका ठेवणे आणि दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टी देणे, हे मात्र घरधन्याच्या व गवंड्याच्या हाती आहे. किल्लारीनंतर पुनर्वसित गावांत असे बांधकाम झाले. ज्या गावांना अद्याप धक्का बसलेला नाही, तेथेही नवे घर बांधताना हीच काळजी घेणे इष्ट ठरेल.